भागरथाबाईंचं मॅटर

तेरवीचं कार्ड कोणी पूर्ण वाचत नाही. मेलेल्याचं नाव पाहतात, दिवस पाहतात, जेवण कुठे आहे ते पाहतात आणि कार्ड फाडून टाकतात. आमच्या गोंदियाकडे मयतीचा कागद घरात ठेवायची रीत नाही. माणूस जवळचं असेल तर कार्ड फाडल्यावर आंघोळही करतात. म्हणजे वीस-बावीस वर्षं मी जे छापलं ते जवळजवळ सगळं फाडलं गेलं. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचं बरं असतं, त्यांचं काम लोक कपाटात जपून ठेवतात. माझ्या कामाचा नमुना दाखवा म्हणाल तर माझ्याकडे एकच कार्ड शिल्लक आहे, आणि तेही चुकलेलं. ही गोष्ट त्याच कार्डाची.

मी फुलचूरला राहते. आधी गोंदियात एका प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर बसायची, मग बाजाराच्या मागे स्वतःचं दुकान टाकलं. आमचं घर बौद्ध. आमच्यात तेरवी नसते, पुण्यानुमोदन असतं, आणि श्राद्ध-पिंड करणार नाही ही प्रतिज्ञा मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले आहे. पोट मात्र भरलं ते दुसऱ्यांच्या तेरव्यांवर. माझे बाबा म्हणायचे, "तू तं भटजीहून जास्त तेरव्या केल्या." भुताखेतांचा विषय आमच्या घरी निघत नसे. निघालाच तर बाबा ताटावरून उठून जात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते त्यांना आवडलं नसतं.

या धंद्यात मजकुराला मॅटर म्हणतात. प्रेसचे सेठ हिंदीत बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळी विद्या एका वाक्यात शिकवली. "मॅडम, पुराना मॅटर खोलो, नाम बदलो, हो गया." सगळीकडे असंच चालतं. आधी कोणीतरी मेलेलं असतं, त्याचं कार्ड उघडायचं आणि त्यात नव्या माणसाचं नाव घालायचं. यातली गोम अशी की नाव एका कार्डात सात-आठ ठिकाणी येतं. सात ठिकाणी बदललं आणि आठवं राहिलं, की आधीचा मेलेला नव्याच्या कार्डात बसलेला सापडतो. घरचे लोक भांडायला येतात. मी तरुण होते, तोंडाने फटकळ होते, पण या भांडणांत माझं तोंड बंद व्हायचं.

म्हणून मी पीएचपी नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकले. गोंदियात एक क्लास होता, तिथे पोरं वेबसाइट बनवायला शिकत होती. मी तेरवीची कार्डं बनवायला शिकले. सर म्हणाले, असा विद्यार्थी पाहिला नाही. त्यात काय करायचं असतं ते साध्या शब्दांत सांगते. एक साचा ठेवायचा, म्हणजे पूर्ण कार्डाचा मजकूर. मग मशीनला दोन याद्या द्यायच्या. पहिलीत काय शोधायचं ते, दुसरीत त्याच्या जागी काय घालायचं ते. स्ट्रिंग रिप्लेस नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की मशीन पहिल्या यादीतला पहिला शब्द घेतं, आख्ख्या मजकुरात जिथे जिथे असेल तिथे बदलतं, मग दुसरा शब्द घेतं. सात असोत नाहीतर सतरा, एकही जागा सुटत नाही.

शहाणा माणूस साच्यात रिकाम्या जागेच्या खुणा ठेवतो, महिरपी कंसात वगैरे, म्हणजे त्या खऱ्या नावात कधी सापडणार नाहीत. मी प्रेसमध्ये वाढलेली. मी पुराना मॅटर उघडलं. त्या दिवशी टेबलावर जे कार्ड होतं तोच साचा धरला आणि त्यातली खरी नावंच खुणा म्हणून ठेवली. ते कार्ड होतं भागरथाबाई भिवाजी कापगते यांचं. गाव अर्जुनीकडचं, जिथलं तळं कापगत्यांच्याच पूर्वजांनी बांधलेलं. खाली शोकाकुल म्हणून मुलाचं नाव होतं, मनीराम भिवाजी कापगते. तेव्हापासून कोणीही मेलं तरी माझं मशीन आधी भागरथाबाईंना शोधायचं आणि त्यांच्या जागी नव्या मेलेल्याला बसवायचं. मग मनीरामला शोधायचं आणि त्याच्या जागी नव्या घरचा मुलगा.

काम छान चाललं. मी गावभर मिरवलं. सेठसुद्धा एकदा येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "ये तो जादू है." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं.

मग दवनीवाड्याच्या एका म्हातारीचं कार्ड आलं. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिच्या दिराने चिठ्ठीवर शोकाकुलची जागा रिकामी सोडली होती. माझा प्रोग्राम माहिती भरायचं एखादं घर रिकामं दिसलं की पुढे जायचा, साच्यातलं नाव तसंच ठेवून. कार्ड छापून गेलं आणि त्यात त्या म्हातारीचा मुलगा म्हणून मनीराम भिवाजी कापगते उभा राहिला. दीर कार्ड घेऊन आला तेव्हा मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "राहू द्या बाई. तिले पोरगा नव्हता. मेल्यावर तं एक भेटला."

पण कार्ड फिरत फिरत मनीरामभाऊंच्या साळीपर्यंत, म्हणजे मेहुणीपर्यंत पोचलं आणि तिने रडत फोन केला, भाऊजी, ही कोणती आई मेली तुमची. मनीरामभाऊ गाडीने गोंदियाला आले. उंच, वाळकुडे, पन्नाशीचे, पायात भेगा. कार्ड माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बाई, मी हिचा पोरगा कवा झालो?"

मी त्यांना बसवलं आणि स्क्रीनवर साचा उघडून सगळं समजावलं. ते माझं बोलणं ऐकतच नव्हते. आईच्या नावाकडे पाहत होते.

"हे इथंच राह्यते?" त्यांनी विचारलं.

"हो. कोणाचंही कार्ड आलं की मशीन आधी हेच नाव शोधतं."

"रोज?"

"सीझनला तर दिवसातून पाच-सहा वेळा."

मी म्हटलं, आजच हे नाव काढून टाकते, याच्या जागी खुणा ठेवते, पुन्हा असं होणार नाही. मला तेव्हा कंसांची युक्ती कळलेली होती, दहा मिनिटांचं काम होतं.

"नोको काढू," ते म्हणाले. "तेरवीची पंगत उठली अन् मायचं नाव कोनी घेतलं नाई. सात-बाऱ्यावरूनही कटलं. इथं रोज कोनी तं तिले शोधून राहिलं. राहू द्या."

मी वचन वगैरे काही दिलं नाही. पण नाव काढलंही नाही. एवढंच केलं की आता कोणतंही घर रिकामं राहिलं तर प्रोग्राम अडून बसे आणि छापू देत नसे. माझ्या मते चूक दुरुस्त झाली होती.

नंतर मनीरामभाऊ गोंदियाला आले की दुकानात डोकावायचे. सीझनला तळ्यातले शिंगाडे आणायचे, टेबलावर रुमाल सोडायचे आणि विचारायचे, "माय हाये ना?" मी म्हणायची, आहे. ते मान हलवून निघून जायचे. मला त्यात हसू यायचं. एकदा मात्र दुकानात एकटी असताना स्क्रीनवर ते नाव पाहून माझ्या अंगावर काटा आला. किती शेकडो मेलेली माणसं त्या बाईच्या जागेवर येऊन बसून गेली, आणि ती पुन्हा तिथेच. मी स्क्रीन बंद केला आणि स्वतःला दोन शिव्या घातल्या.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात मनीरामभाऊंचा मुलगा हेमराज आला, डोकं भादरलेलं. मी विचारायच्या आधीच मला कळलं. मनीरामभाऊ तळ्याच्या पाळीवर बसले होते, तिथेच गेले. हेमराज तिशीचा, बापासारखाच उंच. त्याने चिठ्ठी दिली. मी नावं भरली, सगळी घरं भरलेली होती, प्रोग्राम अडला नाही. छपाई सुरू केली.

इथे मी एक गोष्ट केली नाही. पहिलं कार्ड निघालं की मी ते नेहमी उभ्याने मोठ्याने वाचते, कोणाचंही असो. त्या दिवशी वाचलं नाही. मनीरामभाऊंचं नाव काळ्या चौकटीत पाहवणार नव्हतं म्हणून मी गठ्ठा पालथा धरला, दोरी बांधली आणि हेमराजच्या हातात दिला. त्यानेही पाहिलं नाही. बापाचं कार्ड कोण वाचत बसतं?

तिसऱ्या दिवशी हेमराज परत आला. सकाळची अकराची वेळ, दुकानात ऊन आलेलं. त्याच्या मागे त्याची आई होती, सरस्वताबाई. नवरा जाऊन आठ दिवस झालेले, तेरवी व्हायची होती, आणि ती घराबाहेर पडून गाडीने गोंदियाला आली होती. असं कोणी येत नाही. हेमराजने कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि हळूच म्हणाला, "वाचा बाई."

मी वाचलं. कळविण्यास अत्यंत दुःख होते की हेमराज मनीराम कापगते यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. खाली, शोकाकुल, हेमराज मनीराम कापगते.

"मी मेलो," तो म्हणाला, "अन् मीच सगळ्यायले कळवून राहिलो."

तो हसायचा प्रयत्न करत होता. कार्डं गावोगाव वाटून झाली होती. सालेकशाला त्याची मावशी असते. तिने कार्ड वाचून घेतलं, फाडलं, विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच गाडीत बसली. अर्जुनीकडे पोचली तेव्हा हेमराज अंगणात खाटेवर बसलेल्या लोकांना चहा देत होता. तिलाही त्याने कप पुढे केला. मावशीने कप घेतला नाही. ती फाटकाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तू कोन हायेस?" त्याने नाव सांगितलं तशी ती दोन पावलं मागे सरकली. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या अंगाला हात लावेना. रात्रीच्या जेवणातही तिने त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी तुझ्या नावाची आंघोळ करून आली, आता तुले शिवू कशी, एवढंच म्हणत होती.

हे सगळं हेमराजने सांगितलं. सरस्वताबाई माझ्याकडे पाहत बसली होती. मग म्हणाली, "बाई, तुमची मशीन कोनाले कोनाच्या जागी बसवते ते मले सांगा. सारं सांगा, मले समजते."

मी सांगू लागले आणि सांगता सांगताच मला चूक कळली. माझं मशीन एकेक नाव घेऊन जातं, आणि दुसऱ्या फेरीला गेलं की पहिल्या फेरीत आपणच काय घातलं ते त्याला आठवत नाही. आधी त्याने भागरथाबाईंना शोधलं आणि त्यांच्या जागी मेलेला म्हणून मनीराम भिवाजी कापगते असं घातलं. बरोबर केलं. मग यादीतलं पुढचं नाव घेतलं, मनीराम भिवाजी कापगते. ते त्याला जिथे जिथे दिसलं, आत्ताच स्वतः घातलं होतं तिथेसुद्धा, त्याने उचललं आणि त्या जागी हेमराज बसवला.

सरस्वताबाईने सगळं ऐकलं. "तेच तं झालं," ती म्हणाली. "बुढी गेली, तिच्या जागी हे गेले. आता ह्यायच्या जागी हा. मशीननं बरोबर सांगतलं."

"अहो, मशीनला काही कळत नाही."

"कळत नाई, तं अकरा वर्षं दुसऱ्या कोनाले काऊन नाई धरलं?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. साच्यात खूण म्हणून मनीरामभाऊंचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. त्याच नावाचा माणूस मेल्याशिवाय ही चूक घडूच शकत नव्हती. मी हे म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण त्याचा अर्थ तिच्या म्हणण्याहून वेगळा नव्हता. ज्या घराच्या मयतीवरून मी तो साचा घडवला, आख्ख्या दुनियेत त्या एकाच घरासाठी तो चुकणार होता, आणि त्यासाठी अकरा वर्षं तसाच थांबला होता. माझे बाबा असते तर म्हणाले असते, हा गणिताचा भाग आहे. आहेच. पण त्या दिवशी त्या बाईच्या डोळ्यांत पाहून मला ते म्हणता आलं नाही.

"ह्यायनं तुमाले सांगतलं होतं ना, राहू द्या म्हनून," ती म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक होतं. "मी तवाच म्हनलं होतं, मेलेल्या मानसाले असं बांधून ठेवू नये. तिले सोडा बाई. माझा एकच हाये."

हेमराज म्हणाला, "माय, कायले बाईले त्रास देऊन राहिली?" पण त्याला आदल्या दिवसापासून तळ्यावर जाऊ दिलं नव्हतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. आणि जावंसं त्यालाही वाटत नव्हतं.

मी साचा उघडला. सरस्वताबाई माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, पुसायच्या आधी नाव घ्या, मोठ्यानं. मी घेतलं. भागरथाबाई भिवाजी कापगते. पुसलं. मनीराम भिवाजी कापगते. पुसलं. ज्या मी जन्मात कोणाचं पिंडदान केलं नाही, त्या मी हे असं केलं. त्या जागी कंसातल्या खुणा ठेवल्या आणि आज्ञाही बदलली. एस-टी-आर-टी-आर म्हणून दुसरी एक आहे. ती सगळी नावं एकाच फेरीत बदलते आणि एकदा घातलेल्या नावाला पुन्हा हात लावत नाही. क्लासमध्ये सरांनी दोन्ही शिकवल्या होत्या. मला पहिली सोपी वाटली होती.

नवी कार्डं काढली. या वेळी पहिलं कार्ड मी उभ्याने वाचलं, दोनदा. मेलेले मनीराम, शोकाकुल हेमराज. जुनं चुकलेलं कार्ड मी फाडायला घेतलं तर सरस्वताबाईने माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

"ते नोको. सारीकडं फाटली तेवढी बस झाली. एक तं आख्खं राह्यलं पाहिजे. तुमच्यापाशी ठेवा."

म्हणून ते माझ्या कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, एकही कोपरा न दुमडलेलं. घरात मयतीचं कार्ड ठेवते म्हणून सुनेने नाक मुरडलं. मी तिला म्हटलं, ज्याचं आहे तो जिवंत आहे.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. विश्वास नाही, नाही, असं दिवसातून दहा वेळा म्हणायची, आणि अर्जुनीकडची कोणतीही चिठ्ठी आली की आधी आडनाव पाहायची. पावसाळ्यात तळं भरलं की माझी झोप उडायची. एकदा तर काही कारण नसताना हेमराजला फोन लावला आणि शिंगाडे कसे लागलेत म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बाई, मी हाओ. काळजी नोको करू." त्यालाही कळलं होतं मी कशाला फोन केला ते.

तो होता. आहे. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. मावशी तिच्या बारशाला आली तेव्हा तिने पहिल्यांदा त्याच्या हातचा चहा घेतला. मी दुकान हळूहळू आवरत आणलं. आता लोक मोबाइलवर स्वतःच कार्ड बनवतात, चुका करतात आणि स्वतःच निस्तरतात.

यंदा चैत्रात सरस्वताबाई गेली. दुकान जवळजवळ बंदच होतं, तरी हेमराज आला. म्हणाला, मायनं सांगून ठेवलं होतं, कार्ड त्या बाईकडूनच. मी मशीन सुरू केलं, नावं भरली, पहिलं कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं. तूच वाच, म्हटलं. त्याने उभ्याने, मोठ्याने वाचलं. सरस्वताबाई मनीराम कापगते यांचे निधन. शोकाकुल, हेमराज. सगळे आपापल्या जागी होते.

गठ्ठा बांधून झाला तरी तो जाईना.

"आता मायचं नाव तुमच्या मशीनमंदी नाई राह्यत ना?"

"नाही. छापून झालं की भरलेलं सगळं पुसते मी."

तो दाराकडे पाहत उभा राहिला, बापासारखाच. मग म्हणाला, "आजचा एक दिवस राहू द्या बाई. उद्या पुसा."

मी बरं म्हटलं. तो उतरून रस्त्याला लागला, वळला, दिसेनासा झाला. मी खुर्ची ओढली, ते नाव एकदा मोठ्याने घेतलं आणि तिथल्या तिथे पुसलं. त्याची गाडी अजून सुटलीही नसेल. ही गोष्ट छापलेला अंक त्याच्या हाती पडला तर त्याला कळेल, आणि तो माझ्यावर रागावेल. रागवायला तो आहे, एवढं मला पुरे.